अर्धा कोयता कुणाचा?

महोदय,
केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. या आकड्यांचा अर्थ आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत कळतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपाशी नेते. फडात दोघंही राबतात. पण पहाटे उठून भाकरी थापायच्या, पाणी भरायचं, रात्री कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतून पुन्हा चूल पेटवायची, ते तिनंच. हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि ती कशावर खर्चायची हेही तोच ठरवतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओक्ली यांनी १९७० च्या दशकातच लंडनमधल्या गृहिणींशी बोलून घरकामाचा ‘काम’ म्हणून अभ्यास केला. मी शिकवते त्या वर्गात मुलं आजही आईच्या व्यवसायापुढे ‘काही नाही’ लिहितात. त्या आईचे हात पाचटानं चिरलेले असतात. मला ते वाचवत नाही.

उचलीचा करार दोघांच्या नावे व्हावा आणि निम्मी रक्कम थेट तिच्या खात्यात जमा व्हावी. येत्या हंगामाआधी हे झालंच पाहिजे.

– एक शिक्षिका, केज (जि. बीड)