वारेन्नाला निघण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

मुग्धा आणि व्याही-विहीणबाईंना घेऊन मेमध्ये इटलीला जायचं, मिलानमध्ये हॉटेल, तिथून एक दिवस कोमो सरोवराला धावती भेट आणि दुसऱ्या दिवशी व्हेनिस, हा तुझा बेत ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे विहीणबाईंचे गुडघेच येत आहेत. बेत बदल असं मी मनापासून सांगते. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांचा सगळा लोंढा सकाळी अकरा ते दुपारी चार याच वेळात बोटीच्या धक्क्यावर उतरतो. मग उन्हात रांगेत उभं राहायचं, बोटीतही उभ्यानेच जायचं, आणि संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून धापा टाकत स्टेशनचा चढ चढायचा. दुखऱ्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा हे उभं राहणंच जास्त महागात पडतं. सरोवर खरं भेटतं ते सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर, म्हणजे तिथे मुक्काम असेल तरच. तेव्हा व्हेनिस पुढच्या खेपेला ठेव, सरोवराकाठच्या वारेन्ना गावी सलग पाच रात्री राहा आणि चालण्याचं काम बोटीला दे.

आधी नकाशा डोक्यात पक्का कर. सरोवराचा आकार उलट्या धरलेल्या गलोलीसारखा आहे. डाव्या टोकाला कोमो शहर, उजव्या टोकाला लेक्को, आणि बेचक्यात बेल्लाजो. वारेन्ना बेल्लाजोच्या समोर, पूर्व किनाऱ्यावर. पुष्कळ जण ‘लेक कोमो’ म्हणून कोमो शहराचं तिकीट आणि हॉटेल घेऊन बसतात. तिथून साध्या बोटीने वारेन्ना गाठायला दोन तासांहून जास्त लागतात. बेल्लाजोला तर रेल्वेच नाही. मिलानहून थेट गाडी, स्टेशनपासून धक्का दहा मिनिटांवर आणि समोरच्या बेल्लाजो, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया या गावांना बोट, हे तिन्ही एकत्र फक्त वारेन्नात जमतं.

गाडी मिलानो चेंत्राले स्टेशनवरून सुटते. साधारण तासा-दोन तासांनी एक, आणि पोचायला तासाभराच्या थोडंसं वर. स्टेशनच्या फलकावर ‘वारेन्ना’ शोधत बसू नका, तिथे शेवटच्या स्टेशनचं नाव असतं: तिरानो किंवा सोंद्रिओ. प्रादेशिक गाडी असल्याने जागा राखून ठेवायची सोय नाही, त्यामुळे वीस मिनिटं आधी जाऊन डाव्या हाताच्या खिडक्या धरा. लेक्को गेलं की सरोवर त्याच बाजूला येतं. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उमटवून घ्या. तो नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. लेक्कोनंतर बोगदे लागतात आणि वीसेक मिनिटांत वारेन्ना. गाडी जेमतेम मिनिटभर थांबते आणि दार आपोआप उघडत नाही, दारावरचं बटण दाबावं लागतं. बॅगा आधीच दाराशी आणून ठेवा, आधी तू उतर आणि मग विहीणबाईंना हात दे. परतीची तिकिटं मिलानलाच काढून ठेवा. एक इटालियन शब्द लक्षात ठेव: ‘शोपेरो’, म्हणजे संप. संपाची तारीख आधी जाहीर होते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेतल्या काही ठरावीक गाड्या चालू ठेवतात. परतीच्या दिवशी संप आला तर त्याच वेळेतली गाडी धरायची.

आता घर. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. जुनं वारेन्ना म्हणजे वरच्या रस्त्यावरचा सान जोर्जो चर्चचा चौक, आणि तिथून सरोवराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या. या गल्ल्यांत गाडी जात नाही. फोटोत सरोवर जितकं जवळ दिसतं तितक्या पायऱ्या जास्त, आणि ‘लेक व्ह्यू’ म्हणजे बहुतेक वेळा लिफ्ट नसलेला तिसरा मजला. घरमालकाला लेखी विचार: टॅक्सी जिथपर्यंत येते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या, दारापासून खोलीपर्यंत किती, आणि लिफ्ट आहे का. ‘थोड्याशा आहेत’ असं उत्तर आलं तर आकडा माग. पाहुण्यांच्या अभिप्रायांत ‘स्काले’ आणि ‘ग्रादिनी’ हे शब्द शोध. पहिला म्हणजे जिना, दुसरा म्हणजे पायऱ्या. तुमच्यासाठी चौकाच्या पातळीवरचं किंवा स्टेशन आणि धक्का यांच्या मधलं घर बरं. तिथून सरोवर दिसलं नाही तरी चालेल, दिवसभर तुम्ही पाण्यावरच असणार आहात. गावात टॅक्सी थोड्या आहेत, त्यामुळे स्टेशनवरून न्यायला कोण येणार ते घराबरोबरच ठरवून टाक. सामान माणशी एक छोटी बॅग, एका हाताने उचलता येईल अशी. मोठी चाकाची बॅग गोट्यांच्या फरसबंदीवर चालत नाही, तिची चाकं निखळतात. आणि दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट, म्हणून काठी असू दे.

बोटी तीन प्रकारच्या आहेत. ‘त्रागेत्तो’ म्हणजे मोटारी नेणारी रुंद, सपाट बोट. ती वारेन्ना, बेल्लाजो, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया या चार धक्क्यांत फिरते. ‘बात्तेल्लो’ ही प्रवाशांची साधी बोट, लहान गावांनाही थांबते. तिसरी जलद बोट. तिला जादा पैसे पडतात आणि काचेआड बसावं लागतं, तुम्हाला तिची गरज नाही. विहीणबाईंसाठी शक्यतो त्रागेत्तो धरा. ती मोठी असल्याने डोलते कमी, आणि मोटारी चढतात त्याच रुंद उतारावरून माणसंही चढतात, अरुंद फळीवर तोल सांभाळावा लागत नाही. बेल्लाजोला पोचायला पंधरा मिनिटं. मात्र बेल्लाजोत त्रागेत्तोचा धक्का आणि बात्तेल्लोचा धक्का वेगवेगळे आहेत. परतताना भलत्या धक्क्यावर उभं राहून डोळ्यांदेखत बोट सोडणारे रोज दिसतात. तिकीट काढतानाच कुठली बोट आणि कुठला धक्का ते विचारून घ्या. दिवसात तीन-चार फेऱ्या होणार असतील तर मध्य-सरोवराचा दिवसभराचा पास घ्या, एकदाच खिडकीवर उभं राहावं लागेल.

वेळापत्रकात ‘फेरियाले’ आणि ‘फेस्तिवो’ असे दोन शब्द दिसतील. फेरियाले वाचून सुट्टीचा दिवस वाटतो, पण अर्थ नेमका उलटा: फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, फेस्तिवो म्हणजे रविवार आणि सण. हा घोळ झाला की नसलेल्या बोटीची वाट पाहण्यात तास जातो. शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा.

सरोवराला वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. पहाटेपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून ‘तिवानो’ वाहतो. दुपारी डोंगरउतार तापले की दक्षिणेकडून ‘ब्रेवा’ सुटतो आणि आरशासारख्या पाण्यावर लाटा येतात. ज्याला बोट लागते त्याने सकाळीच प्रवास उरकावा. मुग्धाला पोहायचं असेल तर तिला सांग, हे सरोवर 400 मीटरहून खोल आहे, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ पायाखालून निघून जातो, आणि मे महिन्यात पाणी चांगलंच गार असतं. पायात रबरी बूट हवेत, तिथे वाळू नाही, गोटे आहेत. पोहणं किनाऱ्यालगतच.

फिरायला काय निवडावं? बेल्लाजोतली विला मेल्त्सीची बाग विहीणबाईंसाठी पहिली. बोटीवरून उतरलं की सरोवराकाठच्या सपाट रस्त्याने चालत जाता येतं, आणि आतली मुख्य वाटही पाण्याच्या कडेने सपाट जाते. जागोजागी बाकं आहेत. बेल्लाजोच्या पायऱ्यांच्या गल्ल्या फोटोत फार छान दिसतात, त्या तुम्ही दोघं चढून या, तोवर त्यांना बागेत बसू दे. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्रेमेत्सो गावची विला कार्लोत्ता अझेलियाच्या फुलांसाठी पाहायची. बहर एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर सापडेल, पण ती बाग चढावर आहे. व्याह्यांना मात्र त्याच किनाऱ्यावरच्या लेन्नो गावची विला बाल्बियानेल्लो चुकवू देऊ नकोस. ती ज्यांची होती, त्या ग्विदो मोंझिनो यांनी 1973 साली एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचं नेतृत्व केलं. घरात त्यांच्या मोहिमांचं साहित्य मांडून ठेवलंय. ज्यांनी सह्याद्रीतला एकही गड सोडला नाही, त्यांना तिथून लवकर निघवणार नाही. सोमवारी आणि बुधवारी ती बंद असते. घर आतून पाहायचं तर वेळ आधी राखून ठेव. लेन्नोहून पायवाट साधारण एक किलोमीटर, चढ-उताराची.

वारेन्नातली विला मोनास्तेरो हे मुळात बाराव्या शतकाच्या अखेरीस वसलेलं सिस्टर्शियन जोगिणींचं मठघर. तिची बाग पाण्याच्या कडेने लांबच लांब पसरली आहे. मुग्धाला सांग, 1953 पासून तिथे भौतिकशास्त्राची उन्हाळी शाळा भरते, आणि 1954 साली, मृत्यूच्या काही महिने आधी, प्रसिद्ध अणुशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी यांनी तिथे व्याख्यानं दिली होती. गावाच्या दक्षिणेला फ्यूमेलात्ते नावाची जेमतेम 250 मीटर लांबीची नदी आहे. कड्यातून निघते आणि लगेच सरोवरात उडी घेते. पाणी इतकं फेसाळ की नावच ‘दूधनदी’. साधारण मार्च ते ऑक्टोबर वाहते आणि हिवाळ्यात आटते.

आता जेवण. व्याह्यांकडे अंडं चालत नाही आणि मासा तर नाहीच, म्हणजे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागणार नाही. रिसोत्तोत भाजी दिसते, पण भात बहुतेक मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो. ताज्या पास्त्यात अंडं असतं. सुका पास्ता गहू आणि पाण्याचा, तो चालतो. ब्रेडमध्ये कधी ‘स्त्रुत्तो’ असतं, म्हणजे डुकराची चरबी. पान्नाकोत्ता या गोड पदार्थात जिलेटिन, तेही जनावरांच्या हाडा-कातड्याचं. त्यामुळे मागवताना स्पष्ट विचारा: ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडं नको, आणि भाताला ‘ब्रोदो दी कार्ने?’ हा प्रश्न. पारमेजानो आणि ग्राना चीजला वासराच्या जठरातलं विरजण लागतं. हे व्याह्यांना आधीच सांग, चालवून घ्यायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू दे. अर्ध्या जेवणात कळलं तर फार वाईट वाटतं. चीज नकोच असेल तर पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. चीज चालणार असेल तर मात्र पित्सोक्केरी खाच. तुमची गाडी पुढे ज्या वाल्तेल्लिना खोऱ्यात जाते तिथलं हे जेवण. कुट्टूच्या पिठात थोडा गहू मिसळून, अंड्याशिवाय केलेल्या जाड पट्ट्या, बटाटा आणि कोबीबरोबर उकडायच्या, चीजचे थर द्यायचे आणि वरून लसूण आणि सेज या सुगंधी पानांची खमंग लोण्याची फोडणी. एक थाळी दोघांना पुरते.

स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतं आणि संध्याकाळी सातला उघडतं. मधल्या वेळात व्याह्यांची गोळी आणि जेवण अडकू नये म्हणून दशम्या, भाजलेले पोहे, मेतकूट बरोबर असू दे. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल. तो बसण्याचा माणशी आकार आहे, फसवणूक नव्हे.

घरी चहा-खिचडी करणारच असाल तर एक सांगते. तिथल्या घरांना बहुधा तीनच किलोवॅटचा वीजपुरवठा असतो. शेगडी विजेची असेल आणि तिच्यावर भात, शेजारी पाण्याची किटली आणि तिकडे बाथरूममध्ये केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की सगळं घर अंधारात जातं. एका वेळी एकच चालवायचं. खटका पुष्कळदा तळमजल्यावरच्या मीटरशी असतो, आल्या आल्या तो कुठे आहे ते पाहून ठेव. आपल्या तीन जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा बसतो.

व्हिसाचं तुला ठाऊक आहे, तरी आठवण करते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. विमा कमीत कमी 30,000 युरोचा. मेमध्ये जायचं तर अपॉइंटमेंटसाठी ताटकळू नकोस. तारखा ठरवताना 1 मे, 2 जून आणि त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार टाळ, सगळं मिलान सरोवरावर लोटतं.

मुग्धाला आशीर्वाद, व्याही-विहीणबाईंना नमस्कार. घराचे पैसे भरण्याआधी पायऱ्यांचा आकडा मला फोन करून सांग.

तुझी,
आई