अर्धमागधीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

अकरावीला दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं आणि मीही तेच घेणार होते. दहावीची अर्धमागधी, म्हणजे ती जुनी प्राकृत भाषा, मार्कांसाठी होती, खोटं कशाला बोलू! फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात. आईला वाटलं, तक्रार घेऊन आल्या. तुम्ही चहा घेतलात आणि एवढंच म्हणालात, "चौघं आहेत. ही आली तर पाच होतील."

टाइमटेबलात तास बसेना, म्हणून आपण सकाळी सातला जमायचो. फळ्यावर तुम्ही 'हत्थ' लिहिलंत, शेजारी 'हात'. दुद्ध, दूध. कण्ण, कान. जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांबतो. "आता स्वयंपाकघरात शोधा," म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी 'भत्त' घेऊन आले, डब्यात भात होताच. नाशिकच्या लेण्यांमधल्या सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या लेखांत 'लेण' हाच शब्द कोरलाय, हे कळलं तेव्हा तर अंगावर काटा आला होता.

"ती जैनांची भाषा, तुला कशाला?" असं मला सगळे विचारायचे. गंमत म्हणजे आपल्या सांगलीकडचे जैन बहुतेक दिगंबर. त्यांचे जुने ग्रंथ शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतातले. अर्धमागधी श्वेतांबरांच्या आगमांची, म्हणजे धर्मग्रंथांची. हेही तुम्हीच सांगितलंत, हसत हसत.

तुम्ही निवृत्त झालात आणि जागा भरलीच नाही. तासिका तत्त्वावर वर्षभर कुणीतरी आलं, मग मुलं नाहीत म्हणून विषय बंद. शिक्षक नसल्यावर मुलं कुठून येणार? 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा दिला. आमच्या शाळेत पेढे वाटले ते मराठीचे. मला मात्र सातचा तास आठवला. दर्जा मिळाला, आता मुलांच्या घरी जाऊन चहा कोण घेणार?

मी मिरजेत आठवीला मराठी शिकवते. परवा फळ्यावर 'हत्थ – हात' लिहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग आठ?" अट्ठ. "सात?" सत्त. तो म्हणाला, "पंजाबी गाण्यात अजून सत्तच म्हणतात की! त्यांचं का नाही सुटलं?"

मला नीट सांगता आलं नाही, बाई. रविवारी विश्रामबागला येते. त्यालाही घेऊन येऊ का?

तुमची,
पाचवी