पाणी टाकीवर नको, नळावर तपासा

मा. संपादक,
स. न.

सांगलीचं पाणी पिण्यास योग्य असल्याचा खुलासा आपण परवा छापला. वाचून राहवलं नाही. नमुना कुठला घेतला, एवढं तरी आपल्या बातमीदाराने विचारायला हवं होतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी पडते, पाणी गाळलं जातं, क्लोरीन मिसळतो. तिथून निघणाऱ्या पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आम्ही पितो ते गावभागातल्या बोळातल्या शेवटच्या नळाचं.

यंदा श्रावणात माझ्या नातीला कावीळ झाली. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "महिन्यापूर्वी पाणी कसं येत होतं?" दूषित पाण्याची कावीळ पंधरा दिवसांपासून दीड महिन्यापर्यंत कधीही उठते म्हणे. मग आठवलं. आषाढात आठवडाभर पहिल्या दोन बादल्या गढूळ आणि वासाच्या येत होत्या. त्या ओतून आम्ही तिसरी भरत होतो. उकळलं असतं तर, ही रुखरुख मला अजून झोपू देत नाही. तक्रार केल्यावर माणूस आला, नमुना घेऊन गेला, पाणी चांगलं असल्याचं कळवलं. महिन्यानंतरच्या पाण्यावरून आषाढातलं पाणी कसं कळणार?

बोळाच्या तोंडाशी आमच्या नळाची पाइप गटारातून जाते. गंजली आहे, सांध्यातून पाणी झिरपतं. पाणी चालू असताना ते बाहेर जातं; पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात काही घरांनी नळाला थेट मोटारी लावल्यात, त्यांनी ही ओढ वाढते. शेजाऱ्यांना मी हात जोडून सांगितलं, अजूनही सांगते.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर आशाताई आमच्या दारात यायच्या. नळाखाली काचेची छोटी नळी धरायच्या, क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) औषधाचे थेंब टाकायच्या आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघायच्या. पिवळी झाक आली की म्हणायच्या, "काकू, भरा." नाही आली तर क्लोरीनच्या गोळ्या देऊन जायच्या. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जंतूंच्या अहवालाला एक-दोन दिवस लागतात. ही तपासणी मिनिटभराची. पुरात जमली ती एरवी का जमू नये? पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या नळावर ती व्हावी, एवढंच मागणं आहे.

आणखी एक. पाणी बंद राहणार असल्याची सूचना आपल्याकडे त्याच दिवशी सकाळी, आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. तोवर नळ गेलेला असतो. बंदनंतरचं पहिलं पाणी सगळ्यात खराब असतं, म्हणून निदान एक दिवस आधी पहिल्या पानावर छापा. आणि पुढचा खुलासा छापताना नमुना कोणत्या गल्लीतल्या नळाचा, किती वाजता घेतला, तेही छापा. आमच्या बोळात यायचं असेल तर सकाळी साडेसहाला या, तेव्हा पाणी सुटतं. गटारातली ती पाइप आजही तशीच आहे.

आपली,
एक वाचक आजी
गावभाग, सांगली