शाळाप्रवेशाचा पत्ता वाड्यावस्तीवर जाऊन तपासा

महोदय,

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को येथील मागणी असलेल्या अनुदानित शाळांत केजीचे अर्ज सुरू झाले की दुसरीकडे मुद्रांक कागदांची, पंचाच्या (पंचायत सदस्याच्या) लेटरहेडवरील दाखल्यांची आणि मामा-मावशीच्या वीजबिलांची जमवाजमव सुरू होते. शाळेजवळच्या मुलाला आधी प्रवेश मिळावा, हे रास्तच आहे. पण 'जवळचे मूल' ठरवण्यासाठी आज जे कागद मागितले जातात, ते पैसा आणि ओळख असलेल्याला आठवडाभरात उभे करता येतात. आणि शाळेच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलाच्या आईबापाकडे अनेकदा नेमके तेच नसतात. तपासणी कागदाची न होता राहण्याची व्हावी आणि ती पंचायत-पालिकेने अर्ज सुटण्याआधीच करून ठेवावी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

खोटा पत्ता उभा राहतो तो तीन प्रकारांनी. सर्वांत जास्त चालतो तो भाडेकरार. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो, म्हणून करार अकरा महिन्यांचा करतात. तो नोटरीपुढे होतो आणि उपनिबंधकाच्या दप्तरात त्याचा मागमूस राहत नाही. घरमालक बहुधा नात्यातला किंवा कचेरीतला सहकारी असतो. ना भाडे हाती पडते, ना किल्ली. दुसरा प्रकार आजोळच्या पत्त्याचा. मामाचे वीजबिल, त्याचे 'माझी हरकत नाही' असे पत्र आणि प्रभागातील पंचाने ओळखीवर दिलेला रहिवासी दाखला. सरपंच किंवा नगरसेवकाने आधार प्राधिकरणाच्या ठराविक नमुन्यात सही केली की वडिलांच्या आधारवरचा पत्ता बदलतो, आणि कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची जी सोय २०२३ पासून आहे, तिच्यातून मुलाचाही बदलतो. शाळेच्या लिपिकापुढे येते ते कोरे करकरीत आधार. त्याच्या मुळाशी ओळखीवर मिळालेली एक सही आहे, हे त्याला कुठेच दिसत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. कुटुंबाने गुंतवणूक म्हणून शहरात फ्लॅट घेतलेला असतो, घरपट्टी आणि वीजबिल त्यांच्याच नावावर असते, पण राहतात ते दुसऱ्या तालुक्यात. इथे एकही कागद खोटा नसतो. खोटे असते ते 'आम्ही इथे राहतो' हे एकच वाक्य.

हे पकडता येते का? बऱ्याच अंशी येते, पण त्यासाठी कागद वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. वीजबिलावर आपण नाव आणि पत्ता पाहतो. पाहायला हवेत ते युनिट. फ्रिज, पंखे, धुण्याचे यंत्र असलेल्या चौघांच्या घरात महिन्याला शंभराच्या आसपास युनिट सहज जळतात. फ्लॅटच्या बिलावर महिनोन्‌महिने पाच-दहा युनिट आणि बाकी नुसता स्थिर आकार असेल, तर तिथे कोणी संसार करत नाही. एकच बिल घेऊ नये; पावसाळ्यातले एक आणि मे महिन्यातले एक अशी दोन तरी घ्यावीत, आणि पाण्याचे बिल सोबत ठेवून पाहावे. मात्र हीच कसोटी एका खोलीत दोन दिवे आणि एका पंख्यावर राहणाऱ्या मजूर कुटुंबाला लावली तर अन्याय होईल. तिथे युनिट कमीच असणार, आणि पुष्कळदा मीटरही घरमालकाचा असणार. युनिट पाहायचे ते घराचा आकार लक्षात ठेवून.

भाडेकरारात मजकुराच्या आधी मुद्रांकाची मागची बाजू वाचावी. करार गेल्या जूनपासूनचा म्हणायचा आणि मुद्रांक विकल्याची तारीख यंदाच्या जानेवारीची, असे कागद सर्रास येतात. नोटरीच्या शिक्क्याजवळ त्याच्या नोंदवहीचा क्रमांक असतो. तो क्रमांक आणि तारीख नोटरीकडे विचारून पडताळता येते, पण बहुतेक शाळा हे करतच नाहीत. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच मागितली की दिखाऊ करार बऱ्याचदा तिथेच गळतात; मुलाच्या प्रवेशासाठी कागद देणारा मामा पोलीस ठाण्यात अर्ज भरायला तयार होत नाही.

आणखी एक कागद आहे ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही: लसीकरणाचे कार्ड. त्यावर आरोग्य केंद्राचे किंवा उपकेंद्राचे नाव असते आणि तारखा परिचारिकेच्या हातच्या असतात. काही वर्षांपूर्वीची तारीख कोणी आज मागे जाऊन लिहून आणत नाही. फक्त बाळंतपण माहेरी होते, म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचे डोस बाजूला ठेवावेत. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात, तेव्हा मूल कुठे होते ते पाहावे. खासगी डॉक्टरकडे लस घेतलेल्यांना हे लागू होणार नाही, आणि कार्ड हरवले म्हणून कोणाचा अर्ज अडवूही नये.

एवढे करूनही जे सुटतात ते वर्ष सुरू झाल्यावर बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, यादीत सापडतात. अर्जावर पत्ता शाळेपासून चालत पाच मिनिटांचा, आणि मूल बालरथात चढते दहा किलोमीटरवरच्या तिठ्यावर. ही यादी शाळेच्याच कपाटात असते. तरी तिच्याकडे डोळेझाक होते, कारण एव्हाना जागा भरलेली असते आणि मुलाला बाहेर काढणे कोणालाच नको असते.

ते नको असणे बरोबरच आहे. शिक्षण हक्क कायदा (२००९) ज्या शाळांना लागू आहे, तिथे दाखल झालेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत काढून टाकता येत नाही. पत्ता खोटा निघाला म्हणून सहा वर्षांच्या मुलाचे नाव पटावरून कमी करण्याची धमकी देणे बेकायदा आहे आणि निर्दयही. शिक्षा व्हायची तर ती कागद करणाऱ्याला व्हावी. खोटा दस्तऐवज करणे आणि तो खरा म्हणून वापरणे यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३३६ आणि ३४० आहेत. शहानिशा न करता दाखल्यावर सही करणाऱ्या लोकप्रतिनिधीलाही जाब विचारला पाहिजे.

पण नुसत्या फौजदारीने काही साधत नाही. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा बराच खर्च त्या-त्या भागाच्या मालमत्ता करातून निघतो, म्हणून तिथे पत्त्याची पडताळणी फार कडक असते. ओहायो राज्यातील अॅक्रनच्या एका आईने आपल्या वडिलांच्या घराचा पत्ता देऊन दोन मुलींना शेजारच्या भागातील चांगल्या शाळेत घातले, म्हणून २०११ साली तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरांनी तिच्यावरील गुन्ह्याचे स्वरूप सौम्य केले. एका आईच्या तुरुंगवासाने दोन्ही भागांतील शाळांतले अंतर काही कमी होत नाही.

आता दुसरी बाजू, जी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गोव्यातील जुन्या घरांत घरपट्टी आणि वीजबिल आजोबांच्या, कधी पणजोबांच्या नावावर असते. इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया) झालेली नसते, वाटण्या झालेल्या नसतात, एका मीटरवर तीन भावांच्या तीन चुली चालतात. त्यातल्या धाकट्या सुनेने मुलाचा अर्ज भरला की 'बिल पालकांच्या नावावर नाही' असा शेरा मिळतो. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराचे तेच. आणि सर्वांत वाईट स्थिती भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची. वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आजूबाजूला अशा खोल्यांच्या रांगा आहेत. घरमालक करार करून देत नाही, भाड्याची पावती देत नाही, कारण त्याला कर नको आणि पुढे हक्क सांगितला जाण्याची भीती. मूल मात्र रोज त्या शाळेसमोरून पाणी भरायला जाते. खोटा करार आणणारा आत आणि हे मूल बाहेर, असे आजच्या पद्धतीत घडते.

याच मुलांसाठी कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे. केंद्राच्या नमुना नियमांतील पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर, सरकारने मुलाला शाळा किती जवळ द्यायची हे सांगण्यासाठी आहे. मुलाला दारातून परत पाठवण्यासाठी ते लिहिलेले नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल २०१४ मध्ये झाला आणि गोव्यातील मागणी असलेल्या अनेक शाळा त्याच प्रकारच्या आहेत. म्हणून तिथे शिक्षण खात्याने अनुदानाच्या अटींतून हीच पद्धत घालून दिली पाहिजे.

पद्धत फार खर्चिक नाही. अंगणवाडी सेविका आपल्या क्षेत्रातील घरे फिरून कुटुंबांची नोंदवही ठेवतात. सहा वर्षांपर्यंतचे मूल कुठल्या घरात आहे, हे त्यांना प्रवेश समितीपेक्षा नक्की जास्त ठाऊक असते. त्या वहीतून दरवर्षी डिसेंबरअखेर वाड्यावार (वस्तीनुसार) यादी करावी: मुलाचे नाव, जन्मवर्ष, घर क्रमांक किंवा क्रमांक नसल्यास घराची खूण, आणि कुटुंब तिथे कधीपासून राहते. शहरी भागात, विशेषतः मोठ्या निवासी संकुलांत, ही वही अपुरी पडते. तिथे पालिकेने सोसायटीच्या सचिवाकडून माहिती घ्यावी आणि संध्याकाळी सातनंतर एक फेरी मारावी. दुपारची फेरी निरुपयोगी; नोकरी करणाऱ्यांची घरे तेव्हा बंदच असतात आणि बंद घर म्हणजे खोटा पत्ता असा चुकीचा शेरा पडतो. भाड्याच्या खोलीतील कुटुंबासाठी दोन शेजाऱ्यांची सही आणि सेविकेची नोंद पुरेशी मानावी; घरमालकाची संमती मागू नये.

यादी शाळेच्या फलकावर लावू नये. मुलांची नावे आणि घरे अशी उघडी टाकणे धोक्याचे आहे. फलकावर वाड्यावार संख्या लावावी आणि नावे पंचायतीत पाहून हरकत घेण्यास पंधरा दिवस द्यावेत. यादीतील मुलांना आधी प्रवेश, जागांपेक्षा मुले जास्त झाल्यास सर्वांसमोर चिठ्ठ्या, आणि उरलेल्या जागा लांबच्यांना पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच. हे केजीच्या पातळीवर व्हायला हवे. केजी जोडलेल्या शाळेत पहिलीची जागा खालूनच भरून येते. पहिलीला नियम लावून तेव्हा हाती काही उरत नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलासाठी मतदार यादीतले नाव दुसऱ्या मतदारसंघात हलवणे हा साधा कागदी बदल नव्हे. खोटे निवेदन केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पुढे सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागायला मूल मामलेदाराकडे जाईल, तेव्हा तलाठी शाळेच्या रजिस्टरमधला पत्ता आणि घरचा पत्ता समोरासमोर ठेवणार आहे.

पालक एवढा आटापिटा का करतात, याचे उत्तर गावच्या शाळेत आहे. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावर प्रादेशिक भाषांतील शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला, आणि मागणी शहरांतील मोजक्या शाळांकडे वळली. माध्यमाचा वाद इथे काढायचा नाही. पण ज्या सरकारी प्राथमिक शाळेत चार वर्गांना मिळून एकच शिक्षक आहे आणि तोही अधूनमधून सर्वेक्षणाला जातो, तिथे शेजारच्या पालकाने आनंदाने मूल घालावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. अशा प्रत्येक शाळेत दुसरा शिक्षक आणि बालवाडीचा वर्ग जूनपूर्वी द्यावा, आणि मुलांना गावाबाहेर नेणाऱ्या बालरथांसारखी गाडी त्याच गावच्या लांबच्या वाड्यांवरून सरकारी शाळेकडेही फिरवावी. शिक्षण खात्याने पुढील प्रवेशाचे परिपत्रक काढताना वरील यादीची तारीख त्यातच घालावी, ही विनंती.

आपले,
प्रवेशाचे काम केलेले काही निवृत्त मुख्याध्यापक व शाळा लिपिक,
तिसवाडी, बार्देश व फोंडा तालुका