मॅडम, तुम्ही शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचलंत

आदरणीय मॅडम,

हेगहून परत आल्यावर तुमच्या ऑफिसात आले, आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, "ते राहू दे गं, जेवलीस का?" समोर बसून हे बोलणं जमणार नाही, हे तेव्हाच कळलं. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांना दिसेल असं लिहिते आहे. शिवाजीनगर कोर्टात माझ्यासारख्या कितीतरी पोरी काळा कोट हातावर टाकून कुणी विचारेल का म्हणून उभ्या असतात. तुमच्यासारखी माणसं असतात, हे त्यांनाही कळू दे.

खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या हेग परिषदेत, म्हणजे एकाहून जास्त देशांत अडकलेल्या कौटुंबिक आणि दिवाणी प्रश्नांवर देशादेशांत करार घडवणाऱ्या संस्थेत, संशोधनाची इंटर्नशिप करायची, असं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा लोकांना ती संस्था कोणती हेच माहीत नव्हतं. त्याचं काही वाटलं नाही. मुलांना परदेशी पाठवणाऱ्या पुण्यातल्या घरोघरी ॲपोस्टिलचा शिक्का माहीत आहे, आपली कागदपत्रं परदेशात खरी मानली जावीत म्हणून लागतो तो. तो याच परिषदेच्या १९६१ च्या करारातून आलाय, हे मी सांगायचे आणि लोक ऐकून घ्यायचे. राग आला तो पुढच्या बोलण्याचा. "तिकडे दिल्ली-बंगळुरूची पोरं घेतात." "बारावीपर्यंत मराठी मीडियम ना तुझं?" एका सरांनी शिफारसपत्रासाठी सांगितलं, तूच टाइप करून आण, मी सही करतो. स्वतःबद्दल स्वतःच चांगलं लिहायची लाज वाटत वाटत मी ते टाइप केलं. ते त्यांच्या टेबलावर पडून राहिलं. दर वेळी विचारायला गेले की "बघतो" एवढंच. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, सही न मिळाल्याचं दुःख कधीच विरलं. तुम्ही तो कागद उलटूनही पाहिला नाहीत, ते मात्र अजून सलतं.

मॅडम, तुमच्याकडे तेव्हा ती केस चालू होती. तपशील लिहीत नाही, त्या बाईंचं आयुष्य त्यांचं आहे. पण फॅमिली कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. नवरा-बायको दोघं आयटीत, संसार परदेशात, घरात त्रास, आणि एक दिवस बाई मुलाला घेऊन पुण्यात आईकडे येते. मागोमाग तिकडच्या कोर्टाची ऑर्डर येते, मूल परत पाठवा.

१९८० चा हेग करार नेमका यावरच आहे. सोळा वर्षांखालचं मूल एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलं, तर त्याला आधीच्या देशात परत पाठवायचं. ताबा कुणाकडे, ते तिथलं कोर्ट ठरवेल. शंभराहून जास्त देश या करारात आहेत. भारत नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावं असं सुचवलं, २०१६ मध्ये २६३ वा अहवाल याच विषयावर दिला, तरी गाडी तिथेच अडली आहे. अडण्याचं कारण खोटं नाही. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या आईलाच कायदा अपहरण करणारी ठरवेल, ही भीती आपल्याकडच्या बायकांना आहे आणि ती मला पटते.

याच प्रश्नावर मी टिपण लिहिलं होतं. अर्जाला जोडायचं, म्हणून भीत भीत तुमच्याकडे ठेवून गेले. वाटलं, चाळाल, "बरं आहे" म्हणाल. दोन दिवसांनी तुम्ही कागद परत दिलेत आणि मी ते रिक्षात बसून उघडले. प्रत्येक तळटीपेपुढे पेन्सिलीची बारीक टिक होती. प्रत्येक! तुम्ही प्रत्येक निकाल उघडून, मी दिलेला परिच्छेद खरंच तिथे आहे का, ते पाहिलं होतंत. दिवसभर कोर्टात उभं राहून, संध्याकाळी पक्षकार उरकून, मग हे.

आणि एका ठिकाणी समासात चार शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात सांगितलं की परदेशी कोर्टाची ऑर्डर हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, पण मुलाचं हित सगळ्यात वर. मी लिहिलं होतं की हेग करारातल्या तेराव्या कलमातला 'गंभीर धोक्या'चा अपवाद (परत पाठवल्याने मुलाला गंभीर धोका असेल, तर कोर्ट नकार देऊ शकतं) आणि आपल्या कोर्टाचा मुलाच्या हिताचा प्रश्न एकाच दारात येऊन उभे राहतात, फक्त वेगवेगळ्या रस्त्यांनी. तिथे तुमच्या अक्षरात होतं, "हे तू छान पकडलंस."

मॅडम, एलएलबीच्या पाच वर्षांत माझं लिखाण कुणी असं वाचलं नव्हतं. मार्क मिळाले, सर्टिफिकिटं मिळाली, सह्या मिळाल्या. वाचलं तुम्ही. तुम्ही नंतर शिफारसपत्रही दिलंत, तेही स्वतः बसून लिहिलेलं, आणि इंटरव्ह्यूच्या आधी तास तासभर प्रश्न विचारलेत. त्या सगळ्याचे उपकार आहेतच. पण माझी भीती गेली ती रिक्षात, कृषी महाविद्यालयाच्या सिग्नलला, त्या टिका मोजता मोजता.

हेगमध्ये कामही तेच होतं. देशोदेशीचे निकाल शेवटपर्यंत वाचायचे, कोर्टाने अपवाद का मानला किंवा का नाकारला ते दोन-तीन परिच्छेदांत नेमकं मांडायचं. पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येक संदर्भापुढे पेन्सिलने टिक करायला लागले. शेजारच्या मुलीने विचारलं, ही पद्धत कुठे शिकलीस? तुमचं नाव सांगितलं.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं देणं, असं आपल्याकडे समजतात. तुम्ही मला पैसे दिले नाहीत, ओळख लावली नाहीत, कुणाला फोन केला नाहीत. समोरच्याचं काम खरं मानून ते पाहणं, एवढंच केलंत. आपल्या कोर्टातले ते टायपिस्ट काकाही असेच. अर्ज टाइप करता करता "ताई, इथे तारीख चुकलीय बघा" म्हणतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. अशा माणसांच्या जिवावर आम्ही परगावच्या पोरी पुण्यात टिकतो.

त्या केसची पुढची तारीख लागली आहे, असं तुमच्या क्लार्ककडून कळलं. फाईल मी सोमवारी घेऊन जाते. तिकडच्या ऑर्डरमधले संदर्भ तपासून गुरुवारपर्यंत तुमच्या टेबलावर ठेवते. तुम्हाला पुन्हा पाहावे लागणार नाहीत.

तुमची ज्युनिअर