बायोप्सीच्या अहवालाला वेळ का लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताचा अहवाल संध्याकाळपर्यंत हाती पडतो, मग बायोप्सीच्या अहवालाला चार-पाच दिवस कशासाठी, अशी विचारणा करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. ज्याचा जीव टांगणीला लागलेला असतो त्याने असे विचारणे रास्तच आहे. मात्र हा विलंब केवळ प्रयोगशाळेच्या ढिलाईमुळे होतो, हा त्या पत्रातील सूर मला, गेली अनेक वर्षे हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतकाचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणाऱ्या, प्रयोगशाळेचे दैनंदिन काम सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला, पटला नाही.

शरीरातून काढलेला तुकडा त्याच क्षणापासून खराब होऊ लागतो, म्हणून तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात, टाकावा लागतो. हे द्रावण ऊतकात तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते, आणि शिरल्यानंतरही प्रथिने पक्की बांधली जायला आणखी काही तास जातात. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवे, आणि मोठा अवयव असेल तर तो चिरून ठेवायला हवा. आमच्याकडे प्रत्यक्षात काय येते? अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला, तळाशी दोन बोटे फॉर्मॅलिन असलेला अवयव. एकदा तर स्तनाचा मोठा नमुना दोन दिवस नुसत्या सलाइनमध्ये राहून आमच्यापर्यंत पोचला. वरून तो ठीक दिसत होता, आतून लिबलिबीत झाला होता. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक-ग्राहकांची (गाठीच्या पेशींत संप्रेरके पकडणारी प्रथिने आहेत का याची) चाचणी विश्वासार्ह व्हायची तर नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जाऊन ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. ती वेळ हुकली की आम्ही कितीही कसब पणाला लावले तरी गेलेले परत येत नाही.

पुढची रात्र यंत्राची असते. पातळ काप घेता यावेत म्हणून तुकड्यात मेण भरायचे असते. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीन या द्रावकाने अल्कोहोल काढायचे आणि मग साठ अंशांच्या आसपास वितळलेले मेण आत भरायचे, असा हा क्रम आहे. चरबीयुक्त जाड तुकड्याला जो वेळ पुरत नाही, त्याच वेळात एंडोस्कोपीतून आलेला कणभर तुकडा वाळून ठिसूळ होतो, म्हणून दोन्ही एकाच फेरीत घालणे धोक्याचे. हाडाचा नमुना असेल तर त्यातले कॅल्शियम आधी आम्लाने किंवा ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने विरघळवावे लागते, आणि त्याला कित्येक दिवस जातात. तिथे घाई करून आम्ल वाढवले तर पेशींची केंद्रके रंगच घेत नाहीत.

त्यानंतरचे काम मात्र हाताचे आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा काप घ्यायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि सुरकुती न पडू देता काचपट्टीवर उचलायचा. ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, नीट गार झाला नसेल तर काप चुरगळतो, पात्याला दात पडला असेल तर कापावर उभ्या रेघा येतात. बारीक बायोप्सीत दोन फेऱ्या जास्त कापल्या तर ज्याच्या शोधात आहोत तो भागच कचऱ्यात जाऊ शकतो, आणि दुसरा तुकडा मागायला रुग्णाकडे पुन्हा जावे लागते. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती पाण्यात उरलेल्या कणाची: एका रुग्णाच्या ऊतकाचा कण दुसऱ्याच्या काचपट्टीवर बसला तर निरोगी माणसाला कर्करोग ठरवला जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग पुसून घेण्यात जाणारी मिनिटे आम्ही वाचवत नाही.

हे काम अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि शिकलेली माणसे टिकत नाहीत. फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले आहे. झायलीन डोके दुखवते आणि पेटही घेते. तरीही नवे यंत्र घेण्याची मागणी जितक्या लवकर मंजूर होते, तितक्या लवकर हवा खेचून घेणाऱ्या टेबलाची होत नाही, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. काचपट्ट्या संगणक वाचणार असल्याची चर्चा हल्ली बरीच होते. ती काचपट्टी कापणार कोण, याची चर्चा मात्र कानावर येत नाही.

अहवाल लवकर मिळावा असे वाटत असेल तर शस्त्रक्रियागृहात मोठ्या तोंडाच्या बाटल्या आणि पुरेसे फॉर्मॅलिन असावे, आणि नमुना कोठून व कोणत्या शंकेने काढला हे अर्जावर वाचता येईल असे लिहिलेले असावे. अपुऱ्या अर्जापायी एक फोन लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. नमुना स्वतः नेऊन देण्याची वेळ एखाद्या वाचकावर आलीच, तर रुग्णाचे नाव झाकणावर नव्हे तर बाटलीच्या अंगावर लिहिले आहे ना, एवढे त्यांनी निघण्यापूर्वी पाहावे. झाकणे आमच्या टेबलावर एकाच वेळी अनेक उघडी असतात.

आपला,
हिस्टॉलॉजी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ