पेणकर, रोहेकरांना विचारले जाणारे प्रश्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तिकडे इस्रायलमध्ये युद्धाची बातमी आली की आमच्या बडोद्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्यू लोकांबद्दलचे फॉरवर्ड सुरू होतात, आणि गंमत म्हणजे बरेचसे कौतुकाचेच असतात, ज्यू म्हणजे जगात सगळ्यात हुशार, सगळ्या बँका त्यांच्या, त्यांची गुप्तहेर संस्था मोसाद अमुक अन् मोसाद तमुक. आणि त्याच ग्रुपवर कोणीतरी "देशाला एक हिटलर पाहिजे" पण टाकतं. 2012 मध्ये अहमदाबादला हिटलर नावाचं कपड्यांचं दुकान निघालं होतं, बोर्डवर स्वस्तिकासकट, बोंबाबोंब झाल्यावर नाव बदललं. साठ लाख ज्यूंना मारणाऱ्याचं नाव दुकानाला द्यायचं म्हणजे कमालच! मला वाटतं आपल्याकडे बहुतेकांनी ज्यू माणूस बघितलेलाच नाही, किंवा बघितलाय पण ओळखलेला नाही.

ओळखणार कसा, आडनाव पेणकर, रोहेकर, दिवेकर, घरात मराठी आणि सणाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा. हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. कोकणात यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आता घाण्यावाल्याच्या कुठल्या बँका हो? पुढे इंग्रजांच्या पलटणीत गेले, रेल्वेत लागले, हॉस्पिटलात नर्स झाले. ससून श्रीमंत होते हे खरं, पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, डेव्हिड ससून यांनीच बांधलं, पण ते बगदादी, म्हणजे वेगळी मंडळी, खूप नंतर आलेली. एका ससूनवरून सगळे ज्यू सावकार ठरवायचे तर मग एका गायकवाडांवरून आम्ही सगळे बडोदेकर राजेच की!

आमच्या शेजारी पूर्वी एक बेने इस्रायल मावशी राहायच्या. त्यांना लोक हमखास विचारायचे, तुम्ही ख्रिश्चनच ना, सॅम्युएल-अब्राहम नावं आहेत म्हणजे. मावशी सांगायच्या की आम्ही येशूला मानत नाही, डुक्कर खात नाही, मटण आणि दूध एकत्र करत नाही, म्हणून तर रश्श्याला नारळाचं दूध. आम्ही होऊ शकतो का ज्यू, असंही कोणी विचारायचं, तर होता येतं, पण खूप शिकावं लागतं आणि ज्यू स्वतःहून कोणाला बोलवायला जात नाहीत. नाहीतर परंपरेने आई ज्यू तर मूल ज्यू. नवस फेडायचा असला की एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि ताट आमच्याकडेही यायचं.

पण सगळ्यात टोचणारा प्रश्न म्हणजे "मग तुम्ही इस्रायलला का नाही जात?" खूप जण गेले पण. 1951 च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते, 2011 मध्ये पाच हजारसुद्धा नाहीत. आणि गेलेल्यांना तिथे काय ऐकायला मिळालं, तर साठच्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी यांच्या पूर्वजांची चौकशी लावली, हे खरे ज्यू आहेत का म्हणून! लोकांनी मोर्चे काढले, धरणी धरली, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारने हे पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. म्हणजे इथे विचारतात तुम्ही इथले कसे आणि तिथे विचारतात तुम्ही आमचे कसे. आणि जे इथेच राहिले त्यांचं काय? 1971 मध्ये ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे जनरल जेकब ज्यूच होते, त्यांना विचारायची हिंमत झाली असती का कोणाची?

आता थोडं पेपरवाल्यांसाठी. इस्रायली लष्कराने काही केलं की काही मराठी पेपरांत सरळ "ज्यूंचा हल्ला" असं हेडिंग येतं. इस्रायलमध्ये साधारण वीस टक्के नागरिक अरब आहेत, आणि लाखो ज्यू अमेरिकेत राहतात ज्यांचा त्या लष्कराशी काडीचा संबंध नाही. नेतान्याहूंवर टीका करायची तर खुशाल करा, मीही करते, पण त्याचा जाब अहमदाबादच्या खमासातल्या सिनेगॉगमध्ये शनिवारी प्रार्थनेला आलेल्या म्हाताऱ्यांना कशाला? तेव्हा हेडिंगमध्ये "इस्रायली लष्कर" किंवा "इस्रायल सरकार" असं लिहायला आपल्या डेस्कवर सांगाल का, एवढीच विनंती. पत्र लांबलंय, कापलंत तर हा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा